भिंगरीची पाच मिनिटं

भिंगरीला नोकरी लागली ती एका लांबलचक व्हरांड्याच्या कृपेनं.

तेव्हा ती बावीस वर्षांची होती. बांबूसारखी उंच, आणि पाय असे की शेजारणी म्हणायच्या, हिला हाक मारायची तर आदल्या दिवशीच मारून ठेवावी. शहराच्या वाहतूक कार्यालयाला मोजणीखात्यात एक माणूस हवा होता. मुलाखतीला आलेल्या बाकीच्यांनी फायली भरभरून प्रमाणपत्रं आणली होती. तेव्हाचे मोठे साहेब जाड भिंगांचा चष्मा लावणारे मवाळ गृहस्थ. त्यांनी एकाचीही फाईल उघडली नाही. प्रत्येकाला एकच सांगितलं, त्या टोकाच्या खिडकीला हात लावून परत या. भिंगरीची पाळी आली तेव्हा साहेब काचा पुसत होते. काचा पुसून झाल्या, चष्मा नाकावर चढला, तर समोर ही उभी.

"अहो, निघा ना मग," साहेब म्हणाले.

"जाऊन आले," ती म्हणाली.

साहेबांनी तिला पुन्हा पिटाळलं, या खेपेला हातात घड्याळ धरून. मग एका चिठोऱ्यावर आकडा लिहिला, चिठोरा खणात टाकला आणि तिला सोमवारपासून यायला सांगितलं. त्या चिठोऱ्यानं पुढे काय गंमत केली, ते यथावकाश कळेलच.

भिंगरी हे नाव कार्यालयानं पहिल्याच आठवड्यात ठेवलं. कागदावर तिचं दुसरं चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते फक्त हजेरीपुस्तकाला ठाऊक.

काम सांगायला सोपं होतं. एका इमारतीच्या दारात उभं राहायचं, घड्याळाची कळ दाबायची, बसच्या किंवा ट्रामच्या थांब्यापर्यंत चालत जायचं, पुन्हा कळ दाबायची, वहीत आकडा टिपायचा. मग शेजारची इमारत. मग तिच्या शेजारची. असं करत करत सारं शहर. त्या आधी हे शहर जेवून आडव्या झालेल्या माणसाच्या पोटासारखं चहूकडे पसरत चाललं होतं. घर एका टोकाला, काम दुसऱ्या टोकाला, दवाखाना तिसरीकडे, आणि मधे मोटारींचा न सुटणारा गुंता. शेवटी शहरातली शहाणी माणसं एकत्र बसली आणि त्यांनी ठरवलं, आता पसरणं बस. जिथून बस आणि ट्राम जाते तिथेच दाटीनं घरं बांधायची, चार-पाच मजल्यांची. खाली दुकानं, वर माणसं, शाळा हाकेच्या अंतरावर. आणि कुणाचंही दार घ्या, तिथून थांबा पाच मिनिटांत यायला हवा. पाच म्हणजे पाच. ही पाच मिनिटं खरोखरच पाच आहेत का, हे बघायला भिंगरी.

पस्तीस वर्षं ती चालली. तिच्या डोळ्यांदेखत मोटारी उभ्या करायची मैदानं जाऊन तिथे बाकं, झाडं आणि भाजीवाले आले. जिथे रस्ता ओलांडायला जीव मुठीत धरावा लागे, तिथे आता माणसं रस्त्याच्या मधोमध उभी राहून शेजाऱ्याच्या कुत्र्याची चौकशी करत. न्हावी दारात येऊन तिला वेळ विचारी, कारण तिच्या घड्याळावर सगळ्या पेठेचा भरवसा. चष्मेवाली काचेतून हात करी. कुठल्या वळणावर वारा टोपी उडवतो, कुठल्या फरशीखाली पाणी साचून घोट्यापर्यंत पिचकारी उडते, हे तिला आपल्या तळहातासारखं माहीत होतं.

लग्नही तिच्या चालीनंच जमवलं. तेव्हा अकरा नंबरच्या बसवर एक नवा ड्रायव्हर आला होता. गर्दीतून बस रेटत तो पहिल्या थांब्यावर पोचला, तर एक उंच मुलगी वहीत काहीतरी लिहीत उभी. दुसऱ्या थांब्यावर पोचला, तर तीच. तिसऱ्यावरही तीच, आणि आता वही मिटून आपली वाट बघतेय की काय असा चेहरा. चौथ्या थांब्यावर त्यानं दार उघडलं आणि हात जोडले. "बाई, एकदा आत बसा. उतारू माझ्याकडे बघून हसताहेत." ती बसली, आणि मग बसतच राहिली. लोकांना चेष्टेला बरं सापडलं. दोन पायांनी चालणाऱ्याला लोक गमतीनं अकरा नंबर म्हणतातच, तेव्हा या घरात अकरा नंबर दोन, एक दिवसभर चालणारा आणि एक दिवसभर बसणारा.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. एक मुलगी होती, ती लग्न होऊन दुसऱ्या गावी. सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर, अंगानं ठेंगण्या, गोल, आणि जीभ अजून पंचविशीतली. हातात बारा महिने मिटलेली छत्री. काठी का घेत नाही असं कुणी विचारलं तर म्हणत, काठी म्हातारे घेतात. आठवड्यातून तीन दिवस त्या अकरा नंबरनं शहराच्या दुसऱ्या टोकाला धाकट्या बहिणीच्या दुकानात जात. दुकान बटणांचं. भिंतभर छोटे छोटे खण, खणाखणांत बटणं. धाकटीची नजर अधू झाली होती. गडद निळं आणि काळं यांतला फरक तिला कळेनासा झाला होता, आणि कोटाला एक बटण वेगळं लागलं की गिऱ्हाईक लग्नाच्या मांडवातून परत येऊन भांडतं. तेव्हा सासूबाई खिडकीशी बसून निळी निराळी, काळी निराळी करत. ही निवडानिवड सुरू होती म्हणून दुकान सुरू होतं, आणि दुकान सुरू होतं म्हणून दोघी बहिणींची तोंडंही.

आता झालं असं की भिंगरीच्या निवृत्तीला तीन महिने उरले असताना तिच्याच टेकाडावरून ट्राम जायचं ठरलं. बस बंद होणार, तिच्या जागी ट्राम येणार. बसचा थांबा इमारतीच्या पायाशीच होता, पण ट्राम काही दर चार पावलांवर थांबत नाही. कार्यालयानं टेकाडाला एकच थांबा दिला, उतार संपतो तिथे, मोठ्या चौकात. मोजणीचं शेवटचं काम भिंगरीकडे आलं आणि ती हरखली. पस्तीस वर्षं लोकांच्या दारातून निघालो, शेवटी आपल्या दारातून निघायचं. तिनं इमारतीच्या दारात कळ दाबली, उतार उतरली, चौक ओलांडला, कळ दाबली. चार मिनिटं चाळीस सेकंद.

रात्री जेवताना तिनं हा आकडा आमटी वाढावी तसा सगळ्यांना वाढला. नवरा म्हणाला, छान. सासूबाईंनी घास हातातच ठेवला.

"चार मिनिटं चाळीस सेकंद. कुणाची?"

"कुणाची म्हणजे? माणसाची, आई."

"कुठल्या माणसाची?"

"सामान्य नागरिकाची. आमच्या पुस्तकात लिहिलंय तशी."

"त्या सामान्य नागरिकाला एकदा जेवायला बोलाव," सासूबाई म्हणाल्या. "बघू तरी, त्याला गुडघे आहेत का."

नवऱ्याला ठसका लागला. भिंगरीला राग आला. पस्तीस वर्षांत तिच्या आकड्याला कुणी हात लावला नव्हता. अगदीच कुणी नाही असं नव्हे. लोकांची पत्रं यायची की आम्हाला थांब्याला पोचायला पाच मिनिटं नव्हे, दहा लागतात. त्यांना ठरलेलं उत्तर जायचं की आमच्या प्रत्यक्ष मोजणीनुसार आपलं अंतर नियमात बसतं, आणि त्याखाली सही भिंगरीची. नऊ वर्षांपूर्वी एका आजोबांनी तर लिहिलं होतं, "आपली मोजणी करणारी व्यक्ती घोड्यावरून येते काय?" ते पत्र कार्यालयाच्या फलकावर टाचलं गेलं. येता-जाता लोक त्यावर हसत, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसे भिंगरी.

"उद्या चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "हातच्या काकणाला आरसा कशाला."

"चालते की," सासूबाई म्हणाल्या. "पण तू पुढे पळायचं नाहीस. माझ्या पदराला गाठ मारल्यासारखी चालायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासू-सून दारातून निघाल्या. भिंगरीनं कळ दाबली आणि पहिल्याच पावलाला तिची पंचाईत झाली. इतकं हळू पाय टाकायचा म्हणजे मधे तोल कुठे ठेवायचा, हेच तिला कळेना. दहा पावलांवर सासूबाई न्हाव्याच्या दुकानाशी थांबल्या. त्याच्या मुलाचं कसं चाललंय विचारलं. वीस पावलांवर चष्मेवाली. काचेत मांडलेल्या चौकटी त्या मन लावून बघू लागल्या. पुढे कुलपं-किल्ल्यांचं दुकान, तिथेही थांबल्या. भिंगरी घड्याळाकडे बघत होती आणि मनात चडफडत होती. आयुष्यभर हिचं हेच. दिसेल त्याच्याशी गप्पा. असं थांबत गेलं तर पाच मिनिटांची पन्नास होतील, आणि बोल मोजणीला.

"आई, किल्ल्यांचं तुम्हाला काय काम?"

सासूबाईंनी छत्री फरशीवर रोवली. त्या काचेकडे तोंड करून उभ्या होत्या, छत्रीवर दोन्ही हात. काचेत त्यांचा चेहरा दिसत होता. तोंड किंचित उघडं होतं आणि गळ्याखालची कातडी भाताच्या वाफेनं झाकण हलावं तशी हलत होती.

भिंगरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही किल्ल्या बघत नाहीये. ही दम खातेय. चष्म्याच्या चौकटी, न्हाव्याचा मुलगा, सगळे दम खायचे बहाणे. तीस-बत्तीस वर्षं एका छपराखाली राहून आपण हिला बडबडी समजलो.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"आता निघालोय ना, मग चल," सासूबाई म्हणाल्या. "बाकीची पावलं तुझ्या वहीत लिहायचीत."

चौकात हिरवा दिवा लागला. सासूबाई रस्त्याच्या मध्यावर पोचल्या तोवर तो लाल झाला. भिंगरीनं हात आडवा धरून मोटारी थोपवल्या. पलीकडे कळ दाबली तेव्हा काटा एकोणीस मिनिटं दाखवत होता. थांब्याच्या जागी बसायला काहीही नव्हतं, म्हणून सासूबाई एका खांबाला टेकल्या. आणि मग भिंगरीला पस्तीस वर्षांत पहिल्यांदा सुचलं की आता परत जायचंय, आणि परतीची वाट चढाची आहे. तिनं आजवर दारापासून थांब्यापर्यंतचं अंतर मोजलं होतं. थांब्यापासून दारापर्यंत कधी मोजलंच नव्हतं. माणसं ट्रामनं नुसती जातात आणि परत येतच नाहीत, अशा हिशेबानं सारं शहर आखलेलं.

परतीला सव्वीस मिनिटं लागली. दारात पोचल्यावर सासूबाई पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "ट्राम येऊ दे बाई, चांगलीच आहे. पण मग धाकटीची बटणं धाकटीलाच निवडू दे. निळी काय, काळी काय, लोकांनी कोट बंद ठेवला म्हणजे झालं."

हे त्या हसत म्हणाल्या. भिंगरीला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

ती कार्यालयात गेली आणि कपाटातून मोजणीचं जुनं पुस्तक काढलं, पहिली आवृत्ती, पानं पिवळी पडलेली. "सामान्य नागरिकाची चाल" हा आकडा तिला पाठ होता. तो आला कुठून, हे बघायची कधी गरज पडली नव्हती. आकड्याखाली बारीक टीप होती, "कार्यालयाच्या व्हरांड्यात घेतलेल्या प्रत्यक्ष चाचणीवरून." आणि टिपेशी, गंजलेल्या टाचणीनं टोचलेला, तो चिठोरा. जाड भिंगांच्या साहेबांचं अक्षर. तारीख तिच्या मुलाखतीची.

भिंगरी कपाटासमोर फरशीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. सामान्य नागरिक म्हणजे तीच. पस्तीस वर्षं तिनं स्वतःचेच पाय स्वतःच्या पायांशी ताडून पाहिले होते आणि ते दर वेळी बिनचूक जुळले होते. हसून झाल्यावर तिला त्या सगळ्या पत्रांखालच्या आपल्या सह्या आठवल्या. ती उठली, फलकावरचं आजोबांचं पत्र काढलं आणि त्याला खऱ्या अर्थानं पहिलं उत्तर लिहिलं: "महोदय, होय. आता उतरली आहे."

पण पत्र लिहून थांबा हलत नाही. नकाशेवाले साहेब तिच्याहून दहा वर्षांनी लहान, तिच्याच हाताखाली शिकलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोकं धरलं. ताई, नकाशे मंजूर झालेत, म्हणाले. शुक्रवारच्या बैठकीत फक्त सह्या व्हायच्यात. आणि निवृत्तीच्या तोंडावर आपलीच मोजणी खोटी होती म्हणून सांगता? निरोप समारंभाला तुमचं घड्याळ चौकटीत लावणार होतो आम्ही.

भिंगरीनं सांगितलं की चौकट खुशाल लावा, खाली लिहा की हे घड्याळ बरोबर होतं, पाय चुकीचे होते. तिला एकच हवं होतं. चौकातला थांबा राहू दे, पण टेकाडाच्या मध्यावर, बेकरीच्या कोपऱ्यावर, आणखी एक द्या. तिथपर्यंतची वाट सपाट होती, आणि सासूबाईंच्या पायांनी, दम खाऊन, पाच मिनिटांत बसत होती.

अडला तो मात्र वेळापत्रकवाला. कार्यालय त्याला सेकंदराव म्हणे. शिडशिडीत, नीटनेटका, आणि वाईट मुळीच नव्हे. त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. एक थांबा वाढला की प्रत्येक फेरीला चाळीस सेकंद वाढतात. आज एका आजींसाठी चाळीस, उद्या एका आजोबांसाठी चाळीस, मग ट्राम बैलगाडी होते, लोक पुन्हा मोटारी काढतात आणि शहर पुन्हा आडवं होतं. भिंगरीला हे कळत होतं. हेच तिनं आयुष्यभर इतरांना पढवलं होतं. म्हणून ती वाद घालत बसली नाही. तिनं एवढंच विचारलं की शुक्रवारची बैठक तिच्या इमारतीच्या दारात घ्यायला काही हरकत आहे का. थांब्याच्या जागेवर जाऊन सह्या करू, पाच मिनिटांचं तर अंतर आहे.

शुक्रवारी कार्यालयाची सात माणसं दारात आली, कागद काखेत, बूट चकचकीत. दारात सासूबाईंची पलटण तयार होती. तिसऱ्या मजल्यावरचे पोहण्याचे मास्तर, खुब्याचं हाड नुकतंच बदललेले. पहिल्या मजल्यावरची जुळ्यांची आई, ढकलगाडी घेऊन. तळमजल्यावरच्या दोघी बहिणी, एकीला दिसत नाही आणि दुसरीला ऐकू येत नाही, पण दोघी मिळून सगळं कळतं. अशा सात असामी. भिंगरीनं नियम सांगितला, प्रत्येक साहेबानं एकेकाचा हात धरायचा आणि हात सुटला तर दारापासून पुन्हा सुरुवात. सेकंदरावाच्या वाट्याला सासूबाई आल्या. नकाशेवाल्या साहेबांना ढकलगाडी मिळाली.

निघाली वरात. सगळ्यांत मागे ड्रायव्हर नवरा, त्या दिवशी रजा घेऊन, खांद्यावर घडीची खुर्ची. कुणालाही टेकावंसं वाटलं की खुर्ची पुढे. दुकानदार दारात आले. न्हावी एका गालाला साबण लागलेल्या गिऱ्हाइकासकट आला. सासूबाई सेकंदरावाला प्रत्येक दुकानाशी उभं करून ओळख करून देत होत्या. हा माझा नवा मित्र, म्हणत, फार घाईत असतो, पण मनानं चांगला आहे. सेकंदराव आधी मनगटाकडे बघत होता. किल्ल्यांच्या दुकानापर्यंत त्यानं मनगटाकडे बघणं सोडलं. तिथे सासूबाईंचं बोलणं थांबलं, आणि त्यांची धाप धरलेल्या हातातून त्याला कळली. त्यानंही आपलं तोंड काचेकडे केलं आणि किल्ल्या बघत उभा राहिला, त्यांना हवं तितका वेळ.

नकाशेवाल्या साहेबांची ढकलगाडी फुटपाथच्या कडेला तीनदा अडली. तिसऱ्यांदा अडली तेव्हा त्यांनी खाली वाकून कडेची उंची बोटांनी मोजली आणि ज्यानं हा नकाशा काढला त्याला एक चांगली सणसणीत शिवी दिली. मग त्यांना आठवलं की तो आपणच काढला होता.

चौकात पोचायला एकवीस मिनिटं लागली. खुर्चीवर मास्तर बसले, सासूबाई खांबाला टेकल्या. सेकंदराव बराच वेळ रुळांच्या आखणीकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "आजी, मला पटलंय. पण चाळीस सेकंद आणू कुठून? ते तर मी काही घरून आणू शकत नाही."

तेव्हा मागून ड्रायव्हर खाकरला. कार्यालयाच्या सात माणसांसमोर बोलायची त्याला सवय नव्हती. "साहेब, एक सांगू का? या चौकात माझी बस रोज लाल दिव्यात अडकते. प्रत्येक फेरीला. पंचावन्न सेकंद. मी मोजलेत, बायको मोजणीखात्यात आहे माझी. एवढा वेळ मी त्या दिव्याकडे बघत बसतो, घरी हिच्याकडे बघायला मिळत नाही इतका. ट्राम आली की दिवा हिरवा करा. चाळीस सेकंद बेकरीला द्या, पंधरा तुमच्याकडे ठेवा."

सेकंदरावानं खिशातून पेन्सिल काढली आणि ड्रायव्हरच्या पाठीचं टेबल करून कागदावर आकडेमोड केली. दोनदा केली. मग आयुष्यात प्रथमच कुणाला त्याचे दात दिसले. "आमच्या कार्यालयात दिव्यांचं खातं वेगळं, वेळापत्रकाचं वेगळं," तो म्हणाला. "आम्ही एकमेकांशी बोलत नाही."

"मग बोला," सासूबाई म्हणाल्या. "माणसाशी बोलायला दम लागत नाही, उलट येतो."

सह्या तिथेच झाल्या, खुर्चीच्या पाठीवर कागद ठेवून. बेकरीच्या कोपऱ्यावर थांबा, थांब्यावर पाठ असलेलं बाक, चौकातला पादचाऱ्यांचा दिवा दुप्पट वेळ हिरवा. आणि पुस्तकाची नवी आवृत्ती, जिच्यात चाल मोजायची ती जाताना आणि येताना, पिशवी घेऊन, आणि पेठेतल्या सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाबरोबर. भिंगरीनं उरलेले तीन महिने जुनी पत्रं काढून त्यांच्या पत्त्यांवर जाण्यात घालवले. घोडेवाले आजोबा अजून ठणठणीत होते. त्यांनी तिच्या पत्राचं उत्तर पाठवलं होतं, "नऊ वर्षांनी आलात. आमच्या मानानं वेळेवरच." त्यांच्याबरोबर ती थांब्यापर्यंत चालली, आणि बारा मिनिटांत तिला त्यांच्या तरुणपणच्या तीन प्रेमकहाण्या कळल्या. आयुष्यभर आपण किती गोष्टींच्या शेजारून सुसाट निघून गेलो, असं तिला वाटलं, आणि ती त्या महिन्यांत दुप्पट आनंदानं चालली.

ट्राम सुरू झाली ती भिंगरी निवृत्त झाल्यानंतर आठव्या दिवशी. पहिली गाडी चालवायचा मान तिच्या नवऱ्याला मिळाला. तीन महिने शिकून तो बसवरून ट्रामवर आला होता. सकाळी सासू-सून दारातून निघाल्या. सासूबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, हातात छत्री, आणि पिशवीत धाकटीसाठी नवं भिंग. बेकरीचा कोपरा समोरच दिसत होता. बाकावर मास्तर आणि दोघी बहिणी आधीच येऊन बसल्या होत्या. वेळ भरपूर होता.

पण सासूबाई न्हाव्याशी थांबल्या. मग चष्मेवालीशी थांबल्या, आणि दोघींचं असं काही रंगलं की भिंगरीला काळजी वाटली.

"दम लागला का आई?"

"दम कसला," सासूबाई म्हणाल्या. "हिची मुलगी नापास झालेल्या विषयात पहिली आलीय, ते ऐकतेय. बहाण्यानं का होईना, इतकी वर्षं थांबत आले ना, आता ही माणसं आवडायला लागलीत मला."

भिंगरीनंही मग ती गोष्ट पहिल्यापासून ऐकली. गोष्ट ऐकेपर्यंत वळणावर घंटा वाजली. नवी कोरी ट्राम बेकरीच्या कोपऱ्यावर येऊन थांबली. मास्तर चढले, बहिणी चढल्या, जुळ्यांची ढकलगाडी एका दमात आत गेली. पुढच्या काचेतून नवऱ्याला आई आणि बायको तीस पावलांवर दिसत होत्या. त्यानं हात हलवला, घंटा वाजवली आणि गाडी काढली. वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक. सेकंदराव आत उभा होता, तोही हात हलवत गेला.

जन्मात पहिल्यांदा भिंगरीची गाडी चुकली. पुढची सहा मिनिटांनी होती. दोघी हळूहळू बेकरीच्या कोपऱ्यावर आल्या आणि पाठ असलेल्या बाकावर टेकल्या. उन्हं नुकती बाकापर्यंत पोचली होती. सासूबाईंनी छत्री गुडघ्यांवर आडवी ठेवली.

"किती मिनिटं लागली गं?"

भिंगरीनं सवयीनं पदराआड हात घातला. घड्याळ तर कार्यालयात चौकटीत बसलेलं. "मोजली नाहीत आई."

"मग तुला पेन्शन कशाची देतात?" सासूबाई म्हणाल्या, आणि दोघी अशा हसल्या की बेकरीवाला काय झालं ते बघायला पीठ लागलेल्या हातांनिशी बाहेर आला.